सुटली

ताईला सापाविंचवाची भीती नव्हती, समुद्राची नव्हती, उंचीचीही नव्हती. तिला भीती होती एका भिंतीची. ही भिंत कुणी बांधलेली नव्हती. किनाऱ्यालगत लांबवर पसरलेला तो एक कडा होता, पण सगळे त्याला भिंतच म्हणत. वर तांबडी माती, तिच्याखाली पिवळा वाळूचा दगड, मग शिंपल्यांचा एक जाड पट्टा आणि सगळ्यांत खाली राखाडी चिकणमाती. कोणे एके काळी हा सगळा समुद्राचा तळ होता. त्या तळावर जे जे मरून पडलं, ते ते गाळात गाडलं गेलं आणि दगड होऊन बसलं. आता समुद्र येऊन खालची चिकणमाती चाटून नेत होता आणि वरचा दगड कपाटाच्या निसटलेल्या फळीसारखा पुढे लोंबकळत होता. त्या फळीखाली ताईचा सख्खा धाकटा भाऊ रोज आडवा पडून काम करी. असं असताना जिला भीती वाटणार नाही, ती बहीण कसली?

भाऊ चाळिशीला टेकला होता, पण ताईच्या लेखी तो अजून पोरगाच. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवला, शिकवला, आपल्याच कामाला लावला आणि त्याचं लग्नही करून दिलं. स्वतःचं करायचं राहून गेलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. निदान ती तसं म्हणायची.

दोघंही गावातल्या संग्रहालयात नोकरीला होते. ताई मागच्या खोलीत वाळूच्या ताटात हाडांचे तुकडे मांडून जोडत बसायची. हातात सुई, ब्रश आणि डिंकाची बाटली. त्यावरून तिला सगळे चिकटताई म्हणत. भाऊ दगडाच्या पोटात शिरून शिरून उकरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं घूस. जीप चालवणारा होता, त्याला सारथी म्हणत. ओझी उचलायला एक काटकुळा गडी होता, तो अर्थातच पैलवान. आणि या सगळ्यांच्या वर बाई. त्या शास्त्रज्ञ होत्या, संग्रहालयाच्या प्रमुख होत्या, आणि उन्हात छत्री धरून उभ्या राहिल्या की कुणाची टंगळमंगळ करायची हिंमत होत नसे. घुशीची बायको प्लास्टर कालवायची. तिला सगळे वहिनी म्हणत. ताईसुद्धा तेच म्हणायची, धाकट्या भावाची बायको असली तरी.

त्या हंगामात भिंतीच्या पायथ्याशी एक समुद्रगाय सापडली, समुद्रातलं गवत खाणारं एक धिप्पाड जनावर, आता दगड झालेलं. जाडजूड फासळ्या, पाठीचा कणा, कवटीचा अर्धा भाग. बाई इतक्या खूष झाल्या की दोन दिवस कुणावर ओरडल्या नाहीत. पण ती सापडली नेमकी तिथे, जिथे वरची फळी सगळ्यांत जास्त पुढे आली होती. एवढा मोठा समुद्र होता, मेलीला मरायला दुसरी जागा मिळाली नाही, असं ताई म्हणाली. सगळे हसले. ती विनोद करत नव्हती.

असला सांगाडा एकेक हाड करून काढता येत नाही. आजूबाजूच्या दगडासकट त्याची लादी काढावी लागते. लादीवर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, त्या वाळल्या की खालून पोखरत जायचं. शेवटी लादी एका बारीक मानेवर उभी राहते, अळंबीसारखी. मग ती मान तोडायची. मान तुटली की लादी सुटते, आणि तो क्षण वाईट. चारी बाजूंनी धरायला हात नसतील तर ती कलंडते आणि कैक युगं टिकलेल्या हाडांचा डोळ्यांदेखत भुगा होतो. म्हणून या लोकांत एक रिवाज पडला होता. लादी हलताना ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, ‘सुटली!’ आणि ते ऐकलं की हातातलं असेल ते टाकून प्रत्येकाने लादीकडे धाव घ्यायची. कशाला, कुठे, असं विचारत बसायचं नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या पायांनाच तो शब्द कळायचा.

धोक्याची हाक वेगळी होती. ती ‘बाहेर!’ भिंतीकडे तोंड करून लांब एका खडकावर ताईला बसवायचं, आणि तिने काही दिसलं तर बाहेर म्हणून ओरडायचं, असं बाईंनीच ठरवलं होतं. “तुमच्या भीतीचा कामाला तरी उपयोग होऊ दे,” असं त्या म्हणाल्या होत्या.

ताईने उपयोग जरा जास्तच करून दिला. एकदा वरून चिमूटभर वाळू घरंगळली, ती ओरडली, “बाहेर!” सगळे धावत सुटले, आणि भिंत जशीच्या तशी. वर एक पक्षी घरट्यात माती उकरत होता. पुन्हा एकदा तिला भिंतीवर काळी रेघ दिसली. ती सावली निघाली. तेवढ्या वेळात वहिनीने कालवलेलं प्लास्टर बादलीतच दगड झालं, आणि बादलीसकट फेकावं लागलं.  बाईंनी नुसतं बादलीकडे बघितलं, मग ताईकडे.

त्या संध्याकाळी घरी जेवताना भावाने विषय काढला. सायकलच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्या, स्वयंपाकघरातच पाट मांडलेले.

“ताई, तुला राग येईल, पण बोलतो,” तो म्हणाला. “लोक हसतात गं आपल्याला. पैलवान म्हणतो, तुझी बहीण ढग आला तरी बाहेर म्हणून ओरडेल.”

“हसू देत. हसणाऱ्यांचा भाऊ नाही ना त्या भिंतीखाली.”

“पण मी आत एका अंगावर पडलेला असतो. तू ओरडलीस की सरपटत निघताना माझाच गुडघा फुटतो. पुढच्या वेळी खरंच काही असलं तर माझे पाय उचलतील का, सांग बरं? कानाला खडा लाव. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडू नकोस.”

वहिनी भाजी वाढत होती. ती हसून म्हणाली, “वन्सं, घरावरचंही छप्पर काढून ठेवायचं का? झोपेत पडलं बिडलं तर!”

भाऊ खो खो हसला. ताईही हसली, पण तिला ते लागलं. वहिनी वाईट नव्हती. हसतमुख होती, कामाला वाघ होती आणि सासूच नसलेल्या घरात आलेली असूनही नणंदेचा मान राखून होती. तरीसुद्धा आपल्या भीतीवर त्या दोघांनी मिळून हसावं, याचं ताईला वाईट वाटलं.  आता जीव गेला तरी उगाच ओरडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

लादी काढायचा दिवस उजाडला. दुपारी ओहोटी लागली तसे सगळे कामाला भिडले. वारा समुद्रावरून भन्नाट सुटला होता, शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी घसा ताणावा लागत होता. बाई छत्री मिटून भिंतीपासून थोड्या अंतरावर उभ्या होत्या. पैलवान पाण्याचे डबे वाहत होता. वहिनी पार लांब, जीपजवळ उघड्या वाळूत, सारथ्याला हाताशी घेऊन शेवटचं प्लास्टर कालवत होती. आणि घूस आत, लादीखाली. बाहेर फक्त त्याचे दोन तळवे दिसत होते.

ताई आपल्या खडकावर बसली. डोळ्यांत तेल घालून ती भिंत बघत होती. आणि शिंपल्यांच्या पट्ट्याच्या वर, जिथे पिवळा दगड सुरू होतो, तिथे तिला एक रेघ दिसली.

 तोंड उघडलं आणि तिने ते मिटलं. सावली असेल. तिने वर पाहिलं, सूर्य कुठे आहे ते बघितलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. रेघ तिथेच होती. कालही असेल. परवाही असेल. आपल्याला आता कशातही रेघ दिसते. एवढ्यात रेघेतून भुरभुर वाळू गळाली आणि थांबली. पक्षी असेल. ताईने दोन्ही हातांनी खडक घट्ट धरला. सुटली का ही? नाही, नाही. अगं, नीट बघ. सुटली का? खात्री कर. भाऊ काय म्हणाला ते आठव. सुटली का, सुटली का, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. दुसरं काही सुचेना.

भिंतीवर तांबड्या मातीतून एक झाडाचं मूळ खाली आलं होतं, त्या रेघेवरून आडवं गेलेलं. ते मूळ ताणलं जाताना तिने पाहिलं. मग ते तटकन तुटलं आणि त्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब गेली.

ताई उठून उभी राहिली आणि होता नव्हता तेवढा जीव घशात आणून ओरडली, “सुटली! सुटली! सुटली!”

भिंत सुटली, असं तिला म्हणायचं होतं. तिने डोळ्यांनी जे बघितलं तेच तोंडातून बाहेर पडलं. पण त्या किनाऱ्यावर त्या शब्दाचा अर्थ एकच होता.

पैलवानाने दोन्ही डबे टाकले आणि तो भिंतीकडे धावला. बाईंनी छत्री भिरकावली आणि साडीचा घोळ उचलून त्या धावल्या. तिकडे जीपजवळ सारथी उठला. त्याच्याही आधी वहिनी उठली. कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरी, हातात ओल्या गोणपाटाच्या पट्ट्या, तोंडभर हसू. इतक्या दिवसांच्या मेहनतीनंतर लादी सुटली होती ना! ती अशी सुसाट निघाली की बाईंनाही मागे टाकून गेली.

आपण काय केलं ते ताईच्या ध्यानात आलं. “बाहेर!” ती किंचाळली. “बाहेर! बाहेर या!” आणि दोन्ही हात हलवायला लागली. पण वाऱ्याने आवाज मागे नेला आणि धावणाऱ्यांना दिसले ते फक्त हलणारे हात. चिकटताईसुद्धा नाचायला लागली म्हणायची, असंच त्यांना वाटलं असणार. सुखरूप वाळूत असलेल्या माणसांना तिने एका शब्दात भिंतीखाली बोलावून घेतलं होतं.

फक्त एकट्याला त्या हाकेचा खरा अर्थ कळला, आणि तो म्हणजे लादीखाली पडलेला तिचा भाऊ. त्याचा हात त्या क्षणी लादीच्या मानेवर होता. मान शाबूत होती, लादी तसूभरही हलली नव्हती. मग सुटलं काय? त्याने वर बघितलंसुद्धा नाही. तो सरपटत बाहेर आला, समोरून येणाऱ्या पैलवानाच्या छातीवर डोकं आपटून त्याला पाडलं, बाईंच्या दंडाला धरून त्यांना मागे ढकललं आणि ओरडला, “मागे! भिंत आहे, भिंत! मागे व्हा!” सारथी जागच्या जागी थबकला. वहिनी मात्र थांबली नाही, कारण ती त्याला दिसलीच नव्हती. ती दुसऱ्या बाजूने वळसा घालून थेट आत गेली होती, लादी सावरायला.

भिंत आली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. गादी जमिनीवर टाकावी तसा धप्प आवाज झाला आणि पिवळ्या धुळीत सगळं दिसेनासं झालं.

ताई धावली. ज्या फळीकडे लांबून बघतानाही तिला घाम फुटायचा, तिच्याखाली ती आपल्या पायांनी शिरली. धुरळा खाली बसत होता. फळीचा पुढचा भाग कोसळला होता. मागचा अर्धा अजून वर तसाच लोंबत होता आणि त्यातून वाळूची धार गळत होती. एक भलामोठा धोंडा समुद्रगाईच्या लादीवर येऊन अडला होता, त्या जाड फासळ्यांनी तो पेलून धरला होता. त्याच्या आडोशाला वहिनी कमरेपर्यंत ढिगाऱ्यात गाडली गेली होती. डोळे मिटलेले. भाऊ गुडघ्यांवर बसून नखांनी दगड उपसत होता आणि ओरडत होता, “पहार आणा! कुणीतरी पहार आणा!”

वर कट्ट असा आवाज झाला. ताईने मान वर केली. वाळूची धार जाड झाली होती.

तिने भावाची कॉलर धरली आणि मागे ओढली. “चल,” ती म्हणाली. “तू चल बाहेर. तिला राहू दे. ऐकलंस का, तिला राहू दे, तू चल!”

भावाने खांदा झटकला. त्याचं लक्षच नव्हतं, तो पहार पहार करत होता. ताईची नजर खाली गेली. वहिनीचे डोळे उघडे होते. धुळीने आणि प्लास्टरने पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यात ते दोन डोळे सरळ ताईकडे बघत होते.

मग पैलवान पहार घेऊन आला, सारथी आला, बाई आल्या. दगड उचकटले. आणि ताईनेही ओढलं. वहिनीच्या काखेत हात घालून, पाय रोवून, खांदा निखळेल इतकं ओढलं. ती मागे हटली असं त्या चौघांतला कुणीही म्हणणार नाही. सगळ्यांनी मिळून वहिनीला उचलून वाळूवर आणलं, आणि जरा वेळाने उरलेली फळीही खाली आली. समुद्रगाय पुन्हा गाडली गेली. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

वहिनीचा पाय दोन जागी मोडला होता, बरगड्याही दुखावल्या होत्या, पण जिवावरचं पायावर निभावलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे जमले. ताई एका बाकावर भिंतीला पाठ टेकून बसली होती. जो तो येऊन तिचीच समजूत घालत होता.

“चूक तुमची नाही,” बाई म्हणाल्या. “भिंत पडतानाही तोंडात सुटली हाच शब्द येणार, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. हा शब्द आजपासून बंद.” बाई आजवर कुणाला ‘माझं चुकलं’ म्हणाल्या नव्हत्या, आणि आज म्हणाल्या त्याही ताईला. पैलवान तर कान धरून उभा राहिला. “चिकटताई, यापुढे तुम्ही नुसत्या शिंकलात तरी मी पळणार,” तो म्हणाला.

भाऊ शेजारी येऊन बसला. बोटांना पट्ट्या बांधलेल्या, डोळे तारवटलेले. त्याने लहानपणी टेकायचा तसं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. “तू ओरडली नसतीस तर मी आतच होतो,” तो म्हणाला. “आणि एवढी घाबरट तू, पण माझ्यापाठोपाठ तिच्यापाशी तूच धावलीस. मी विसरणार नाही, ताई.”

ताईने त्याच्या केसांतून हात फिरवला.  म्हणजे याला ऐकू गेलेलं नाही. एकदा तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण तो खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून पडला होता, आणि सांगितल्यावर हे डोकं इथे राहणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. शब्द चुकला होता, तो सगळ्यांनी माफ केला. जे चुकून बोललं गेलं नव्हतं, त्याची माफी कुणाकडे मागायची? आणि वहिनीनं ऐकलं असेल का? त्या वेळी तिला शुद्ध तरी होती का? डोळे उघडे होते म्हणजे ऐकूही येत होतंच, असं थोडंच आहे? रात्रभर ती हेच घोकत होती.

दुपारी भाऊ औषधं आणायला खाली गेला. जाताना म्हणाला, “ताई, तिच्यापाशी बस जरा.”

खोलीत दोन खाटा होत्या, दुसरी रिकामी. खिडकीचा पडदा ओढलेला. वहिनीचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. ताई स्टुलावर बसली. नजर कुठे ठेवावी ते तिला कळेना. तिने चादरीची कड सरळ केली, मग पुन्हा सरळ केली.

वहिनी जागी होती. तिने ओठ ओले केले. “वन्सं,” ती म्हणाली. आवाज खोल गेला होता. “त्यांना नाही ऐकू आलं.”

ताईने चादरीची कड सोडली.

“मला आलं,” वहिनी म्हणाली.

किती तरी गोष्टी बोलायच्या होत्या. रात्रभर जुळवून ठेवलेल्या. मी घाबरले होते. तो मला लेकरासारखा आहे. मग मीही ओढलं गं तुला, बघितलंस ना? निदान, फार दुखतंय का, एवढं तरी विचारायचं. ताईने तोंड उघडलं, आणि आपल्याच कानांनी तिने आपला आवाज ऐकला.

“त्याला सांगू नकोस.”

वहिनीने तिच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर ताईने तो आनंदाने झेलला असता. तिथे राग नव्हता. पहिल्यांदाच एखाद्या माणसाला नीट बघावं, तसं ती बघत होती.

“घाबरू नका,” ती शेवटी म्हणाली. तेवढं बोलायलाही तिला बरगड्यांवर हात दाबून धरावा लागला. “मी कशाला सांगू? ते बाहेर यावेत, असंच मलाही वाटत होतं. मी तेच म्हणणार होते, जा म्हणून. तोंडात माती होती.” तिने श्वास घेतला. “पण ते मी म्हणायचं होतं, वन्सं. तुम्ही नाही.”

जिन्यावर भावाची पावलं वाजली. दोघींनी दाराकडे तोंड फिरवलं. तो पिशवी घेऊन आत आला, आळीपाळीने दोघींकडे बघत म्हणाला, “काय गप्पा चालल्यात नणंद-भावजयीच्या?”

वहिनी हसली. ताईने हसायचा प्रयत्न केला. मग तिने आपले हात पदराखाली घेतले.